शेजार आठशे किलोमीटरांचा, प्रवास दोन दिवसांचा

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले, तर कॅनडाच्या नुनावुत या उत्तरेकडील प्रदेशाची राजधानी इकालुइत आणि ग्रीनलंडची राजधानी नूक यांच्यामध्ये सुमारे ८२० किलोमीटरांचे अंतर भरते. मुंबई आणि नागपूर यांच्यामधील हवाई अंतरापेक्षा ते सव्वाशे-दीडशे किलोमीटरांनीच अधिक आहे. मध्ये डेव्हिस सामुद्रधुनीचे बर्फाळ पाणी आणि दोन्ही तीरांवर उघडेबोडके डोंगर व खाड्या. पंख्यांचे मध्यम आकाराचे विमान हे अंतर सुमारे दोन तासांत कापते. परंतु या दोन शहरांना जोडणारी थेट सेवा ज्या ज्या काळात बंद राहिली, त्या त्या काळात इकालुइतच्या प्रवाशाला नूक गाठण्यासाठी आधी दक्षिणेस ओटावाला, तेथून अटलांटिक महासागर ओलांडून रेक्याविकला किंवा कोपनहेगनला आणि मग पुन्हा पश्चिमेस वळून ग्रीनलंडला जावे लागले. दोन तासांच्या वाटेला दोन दिवस, आणि हवा बिघडली तर त्याहून अधिक.

विमानाने जग जवळ आणले, हे वाक्य आता शालेय निबंधातही शिळे झाले आहे. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. जग जवळ आले ते कोणाच्या? ओटावा इकालुइतच्या जवळ आले, कोपनहेगन नूकच्या जवळ आले. इकालुइत आणि नूक मात्र एकमेकांपासून दूरच राहिले. उत्तर ध्रुवाकडील ही दोन छोटी शहरे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक मोठा धडा देतात. दोन गावांमधील अंतर निसर्ग ठरवतो. परंतु तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ माणसे ठरवतात. कोणाचा वेळ वाचवावयाचा, हा निर्णय बहुधा तिसऱ्याच ठिकाणी होत असतो.

नकाशा, घड्याळ आणि वेळापत्रक

या दोन शहरांच्या शेजाराची कल्पना भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावरून येत नाही. दोन्ही शहरे ६४ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत आणि त्यांच्या रेखांशांमध्ये सुमारे १७ अंशांचा फरक आहे. मुंबईच्या अक्षांशावर १७ रेखांश म्हणजे सुमारे १,८०० किलोमीटर. पण रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात आणि तोच १७ अंशांचा फरक तेथे ८२० किलोमीटरांवर येतो. मर्केटर पद्धतीचा नकाशा ही रेखावृत्ते समांतर काढतो, त्यामुळे उत्तरेकडील प्रदेश फुगलेले दिसतात आणि त्यांच्यामधील पाणीही. नकाशा पाहणाऱ्या दूरच्या अधिकाऱ्याला ही दोन शहरे एकमेकांची शेजारी आहेत असे सहसा वाटत नाही, त्याचे एक कारण कागदाच्या सपाटपणात आहे.

विमानाच्या उड्डाणाचा काळ ही त्यामानाने सोपी गोष्ट आहे. ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास वेग असलेल्या विमानाला ८२० किलोमीटरांसाठी पाऊणेदोन तास पुरतात. चढण्या-उतरण्याचा आणि धावपट्टीवरचा वेळ धरला तर दोन तास. वारा समोरून असेल तर काही मिनिटे वाढतात, पाठीशी असेल तर कमी होतात. शिवाय या भागात वैमानिकाला इंधनाचा हिशेब फार सावधपणे करावा लागतो. धुके किंवा हिमवादळ यामुळे ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही, तर पर्यायी विमानतळ हाकेच्या अंतरावर नसतो. त्यासाठी जादा इंधन न्यावे लागते आणि जितके इंधन जादा, तितके प्रवासी व सामान कमी. उड्डाणाच्या वेळेत हा खर्च दिसत नाही, पण तिकिटाच्या किमतीत तो उतरतोच.

घड्याळाची कथा याहून बोलकी आहे. इकालुइतमध्ये कॅनडाच्या पूर्व भागाची वेळ चालते. ग्रीनलंडच्या बहुतेक भागात पूर्वी जागतिक प्रमाणवेळेच्या तीन तास मागे असलेली वेळ होती. २०२३ साली ती एका तासाने पुढे नेण्यात आली. युरोपशी व्यवहार करणाऱ्यांना कामाचे सामाईक तास अधिक मिळावेत, हा त्यामागचा मुख्य हेतू. हेतू व्यवहार्य होता. पण त्याचा परिणाम असा की, पूर्वी दोन तास असलेला नूक-इकालुइत वेळेचा फरक तीन तासांचा झाला. नूकहून दुपारी बारा वाजता निघालेले विमान दोन तासांनी इकालुइतला उतरले, तर तेथील घड्याळात सकाळचे अकरा वाजलेले असतात. विमान घड्याळाच्याही पुढे धावते, एवढी ही दोन शहरे जवळ. आणि तरी कचेरीच्या वेळेत एकाने दुसऱ्याला दूरध्वनी करावयाचा म्हटले तर दिवसाचे दोन-चार तासच हाती राहतात.

आता वळशाचा हिशेब. इकालुइतहून ओटावा सुमारे २,१०० किलोमीटर आणि तीन तासांचा प्रवास. ओटावा ते कोपनहेगन सरळ रेषेत ५,९०० किलोमीटरांहून अधिक, आणि कोपनहेगन ते नूक सुमारे ३,५०० किलोमीटर. बेरीज साडेअकरा हजारांच्या घरात जाते, म्हणजे मूळ अंतराच्या चौदापट. आइसलंडमार्गे गेले तरी सव्वासात हजार किलोमीटर, म्हणजे नऊपट. या प्रवासाला दोन दिवस लागले असे धरले आणि खऱ्या अंतराला त्या वेळेने भागले, तर प्रवाशाचा इष्टस्थळाकडे जाण्याचा वेग ताशी १७ किलोमीटर पडतो. हा साधारण सायकलस्वाराचा वेग झाला. जेट विमानाच्या युगात जेट विमानानेच प्रवास करून माणूस सायकलच्या वेगाने शेजारच्या गावी पोहोचतो!

धावपट्ट्या कोणासाठी?

हे असे का झाले, याचे उत्तर धावपट्ट्यांच्या इतिहासात आहे. इकालुइतचा विमानतळ १९४२ साली अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धासाठी बांधला. अमेरिकेत तयार झालेली लढाऊ विमाने ब्रिटनला पोहोचवण्यासाठी मध्ये टप्पे हवे होते. फ्रोबिशर उपसागराच्या टोकाचा सपाट भाग त्यासाठी सोयीचा ठरला आणि पुढे त्या तळाभोवती फ्रोबिशर बे नावाची वस्ती वाढली. १९८७ साली तिला इकालुइत हे तिचे मूळ नाव मिळाले. त्याचा अर्थ ‘पुष्कळ मासे असलेली जागा’. ग्रीनलंडमध्येही तसेच घडले. कांगरलुसुआक येथील लांब धावपट्टी अमेरिकेने १९४१ साली युद्धासाठीच घातली. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५४ च्या नोव्हेंबरात कोपनहेगन ते लॉस एंजेलिस हा ध्रुवीय मार्ग सुरू केला, तेव्हा विमाने इंधनासाठी तेथे उतरू लागली. युरोप आणि अमेरिका यांच्यामधली पायरी, हा त्या धावपट्टीचा उपयोग. पायरी ज्या भूमीवर होती, तेथील माणसांनी कोठे जावे हा प्रश्न ती बांधणाऱ्यांसमोर नव्हताच.

नूक ही राजधानी असूनही १९७९ साली तेथे जो विमानतळ उघडला, त्याची धावपट्टी हजार मीटरांहूनही आखूड होती. मोठी विमाने कांगरलुसुआकला उतरत आणि तेथून लहान विमानाने आणखी सव्वातीनशे किलोमीटरांचा प्रवास करून माणसे राजधानीत येत. म्हणजे ग्रीनलंडवासीयांनी आपली विमानवाहतूक अर्धशतकभर युद्धाने नेमून दिलेल्या जागेवरून चालवली. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी नूकची २,२०० मीटर लांबीची नवी धावपट्टी खुली झाली आणि कोपनहेगनचे विमान थेट राजधानीत उतरू लागले. या नव्या विमानतळाच्या बांधणीतही जागतिक राजकारणाचा हात होता. बांधकामासाठी एका चिनी कंपनीचे नाव पुढे आल्यावर डेन्मार्कच्या सरकारने २०१८ साली विमानतळ कंपनीत एकतृतीयांश भाग घेण्याचे ठरवले. त्यावरून ग्रीनलंडच्या सत्तारूढ आघाडीतील एक पक्ष बाहेर पडला. १९४१ असो वा २०१८, बड्या राष्ट्रांना भीती वाटली म्हणजे उत्तरेत काँक्रीट पडते, असे म्हणण्यास जागा आहे.

विमान येण्यापूर्वी या पाण्याच्या दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना अपरिचित नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास किडलार्सुआक या अंगाकोकच्या, म्हणजे मांत्रिक-पुढाऱ्याच्या, नेतृत्वाखाली बॅफिन बेटावरील काही कुटुंबे कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांवरून उत्तरेकडे निघाली आणि काही वर्षांनी वायव्य ग्रीनलंडमध्ये पोहोचली. तेथील लोकांत कयाक नौका आणि धनुष्यबाण यांची विद्या लोपली होती; ती या पाहुण्यांनी त्यांना पुन्हा शिकवली. नुनावुतचे इनुइट आणि ग्रीनलंडचे इनुइट यांच्या भाषा एकाच मुळाच्या आहेत, शिकारीच्या रीती व आहार सारखे आहेत. एका तीरावर इंग्रजीची सावली पडली, दुसऱ्या तीरावर डॅनिशची. लिपीही वेगळ्या झाल्या: ग्रीनलंडमध्ये रोमन, तर नुनावुतच्या मोठ्या भागात मिशनऱ्यांनी रुजवलेली अक्षरचिन्हे.

प्रवासी नाहीत म्हणून विमान नाही

या दोन शहरांना जोडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. कॅनडाच्या फर्स्ट एअर या कंपनीने १९८० च्या दशकात बॅफिन बेट आणि ग्रीनलंड यांच्यामध्ये सेवा सुरू केली होती. ती २००१ साली थांबली. २०१२ च्या उन्हाळ्यात एअर ग्रीनलंडने नूक-इकालुइत सेवा आरंभली. काही उन्हाळ्यांनंतर तीही गुंडाळली गेली. २०२४ च्या जूनमध्ये एअर ग्रीनलंड आणि कॅनेडियन नॉर्थ यांच्या सहकार्याने आठवड्यातून एक फेरी, तीही हंगामापुरती, पुन्हा सुरू झाली. उद्घाटन, कौतुक, तोटा आणि शांतता असा हा क्रम आहे. प्रत्येक वेळी कारण एकच दिले जाते: मागणी नाही.

हे कारण हिशेबाच्या वहीत खरे असते. नूकची लोकसंख्या जेमतेम वीस हजार. इकालुइतची २०२१ च्या जनगणनेनुसार ७,४२९. डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराला गुरुत्वाकर्षणाचे सूत्र लावून दाखवले. दोन ठिकाणांमधील व्यवहार त्यांच्या आर्थिक आकारमानाबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो. हे सूत्र लावले तर इकालुइत आणि नूक यांच्यामध्ये अंतर थोडे असले तरी दोघांचे आकारमान इतके लहान की, व्यवहारही किरकोळच निघणार. येथवर विमान कंपनीचे म्हणणे पटते.

परंतु मागणी ही काही आकाशातून पडणारी वस्तू नव्हे. ज्या वाटेने कोणी जाऊ शकत नाही, त्या वाटेची मागणी मोजावयाची कशी? आठवड्यातून एक विमान म्हणजे, मनात आल्यापासून निघेपर्यंत सरासरी साडेतीन दिवसांची प्रतीक्षा. ती प्रवासात मोजली तर पुन्हा तोच सायकलचा, किंबहुना त्याहून मंद वेग हाती येतो: ताशी साडेनऊ किलोमीटर. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ साली शहरी बसवाहतुकीचा अभ्यास करताना हीच गोष्ट सिद्ध केली होती. फेऱ्या वाढल्या की प्रत्येक प्रवाशाचा प्रतीक्षेचा वेळ कमी होतो. म्हणजे नवा प्रवासी जुन्या प्रवाशांचाही लाभ करून देतो. हे चक्र उलटेही फिरते. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून प्रतीक्षा लांब, प्रतीक्षा लांब म्हणून प्रवासी आणखी कमी. अखेरीस उरलेली एक फेरीही बंद होते आणि ती बंद करणारा अधिकारी आकडे दाखवून म्हणतो, पाहा, मागणी नव्हतीच.

‘एशियन ड्रामा’ या ग्रंथामुळे भारतीय वाचकांना परिचित असलेले स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी याला वर्तुळाकार आणि संचयी कार्यकारणभाव म्हटले. एकदा एक केंद्र पुढे गेले की रस्ते, भांडवल, शिक्षण आणि माणसे त्याच्याकडेच ओढली जातात व परिघावरील गावे एकमेकांपासून तुटत जातात. चाकाच्या आऱ्या तुंब्याला जोडलेल्या असतात. दोन आऱ्यांची टोके शेजारी असली तरी एकीवरून दुसरीवर जाण्यासाठी तुंब्यापर्यंत यावे लागते. इकालुइत ही ओटावाच्या चाकाची एक आरी, नूक ही कोपनहेगनच्या चाकाची. त्यांची टोके एकमेकांसमोर आहेत. पण चाके दोन आहेत.

या रचनेचा परिणाम माणसांच्या आयुष्यावर होतो. नुनावुतमध्ये २५ वस्त्या आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही दोन वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही. जहाजे येतात ती उन्हाळ्यात. आजाराने गंभीर वळण घेतले की पूर्व भागातील रुग्णाला ओटावाला पाठवले जाते. नूकच्या रुग्णालयात जे उपचार होऊ शकत नाहीत, त्यांसाठी ग्रीनलंडच्या रुग्णाला कोपनहेगन गाठावे लागते. दोघेही हजारो किलोमीटर दूर, परक्या भाषेच्या दवाखान्यात पडून राहतात. नूकला विद्यापीठ आहे आणि तेथे ग्रीनलंडच्या भाषेचे व समाजाचे उच्च शिक्षण मिळते. नुनावुतच्या तरुणांसाठी १९८५ पासून इनुइट इतिहास व राजकारण शिकवणारा एक नावाजलेला अभ्यासक्रम चालतो, तो ओटावामध्ये. आपल्याच समाजाचा इतिहास शिकण्यासाठी विद्यार्थी दोन हजार किलोमीटर दक्षिणेस जातो आणि समुद्राच्या पलीकडचे भाऊबंदांचे विद्यापीठ त्याच्या कल्पनेतही येत नाही. येथे वेळापत्रक हे शिक्षणाचे धोरण होऊन बसते.

सीमा बंद झाली म्हणजे

बाजाराने वाट बंद केली तर निदान ती पुन्हा उघडण्याची आशा असते. राजकारणाने बंद केली तर काय होते, हे याच अक्षांशावर पश्चिमेकडे, बेरिंग सामुद्रधुनीच्या दोन तीरांवर दिसते. अलास्कातील नोम आणि रशियातील प्रोव्हिदेनिया यांच्यामध्ये पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपास अंतर आहे. जेट विमानाला तासही लागत नाही. सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंना एकाच रक्ताची युपिक कुटुंबे राहतात. शीतयुद्धाच्या आरंभी, १९४८ साली, ही सीमा बंद झाली आणि भावंडे जवळपास ४० वर्षे एकमेकांना दुरावली. १३ जून १९८८ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या विमानाने नोमहून प्रोव्हिदेनियाला एक मैत्रीचे उड्डाण केले. तरुणपणी दुरावलेले नातलग म्हातारपणी एकमेकांना भेटले.

त्यानंतर काही वर्षे येणेजाणे चालू राहिले. परंतु रशियाने २०२२ साली युक्रेनवर आक्रमण केल्यावर अमेरिकेने रशियन विमानांना आणि रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. या सामुद्रधुनीत डायोमीड नावाची दोन बेटे आहेत: एक अमेरिकेचे, एक रशियाचे. त्यांच्यामधील पाणी चार किलोमीटरांहूनही कमी रुंदीचे आहे, पण आंतरराष्ट्रीय वाररेषा त्या पाण्यातून जाते. एका बेटावर सोमवार असतो तेव्हा दुसऱ्यावर बहुधा मंगळवार उजाडलेला असतो. अशा ठिकाणी अंतर किलोमीटरांत सांगणे निरर्थक ठरते. त्याचे माप राष्ट्रांच्या परस्परसंबंधांत आहे.

इकालुइत आणि नूक यांचे सुदैव हे की, त्यांच्या दोन्ही पालक देशांमध्ये वैर नाही. कॅनडा आणि डेन्मार्क हे मित्रदेश. दोघांमध्ये वाद होता तो हान्स नावाच्या सव्वा चौरस किलोमीटरांच्या निर्जन खडकाळ बेटाचा, आणि तोही २०२२ च्या जूनमध्ये बेट वाटून घेऊन मिटला. म्हणजे या दोन देशांना आज जमिनीवरची सामाईक सीमादेखील आहे. मग अडते कोठे?

दोन तिजोऱ्यांमधली जागा

अडते ते तिजोरीच्या रचनेत. विरळ वस्तीच्या प्रदेशात विमानसेवा नफ्यावर चालत नाही, हे सर्वच देशांनी स्वीकारले आहे. नॉर्वेने १९६० च्या दशकात उत्तरेकडील किनाऱ्यावर आखूड धावपट्ट्यांचे जाळे विणण्यास आरंभ केला. १९६८ साली त्यांतील पहिले चार विमानतळ सुरू झाले. गावे छोटी होती, प्रवासी थोडे होते. पण त्या गावांत माणसे टिकली पाहिजेत, हा निर्णय आधी झाला आणि विमाने नंतर आली. पुढे अशा मार्गांसाठी सरकार निविदा मागवू लागले आणि सर्वांत कमी अनुदान मागणाऱ्या कंपनीला मार्ग मिळू लागला. अमेरिकेने १९७८ साली विमानवाहतूक मुक्त केली, तेव्हाही लहान गावांची सेवा तुटू नये म्हणून अनुदानाची तरतूद ठेवली. कॅनडा २०११ पासून एका खास योजनेखाली उत्तरेत जाणाऱ्या अन्नधान्यावर अनुदान देतो. ग्रीनलंडच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग डेन्मार्ककडून येतो आणि नुनावुतच्या अर्थसंकल्पाचा बहुतांश भाग ओटावाकडून.

येथेच ग्यानबाची मेख आहे. प्रत्येक तिजोरी आपल्या सीमेच्या आतला मार्ग पोसते. ओटावाचा पैसा ओटावाकडून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवर खर्च होतो, कोपनहेगनचा पैसा कोपनहेगनच्या वाटेवर. जो मार्ग एका तिजोरीच्या सीमेतून निघून दुसरीच्या सीमेत उतरतो, तो कोणाचाच नसतो. त्याचा लाभ दोघांना होतो. म्हणूनच त्याचा खर्च दुसऱ्याने करावा असे प्रत्येकाला वाटते. सार्वजनिक हिताच्या वस्तूंविषयी अर्थशास्त्र जे सांगते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. फरक इतकाच की, येथे फुकटचा लाभ घेऊ पाहणारे नागरिक नसून सरकारे आहेत.

याच्या विरुद्ध बाजूही नीट ऐकली पाहिजे. वीस-पंचवीस हजार लोकांसाठी वर्षभर विमान चालवण्याचा तोटा हा काल्पनिक तोटा नाही. त्याच पैशात एखाद्या दुर्गम वस्तीत परिचारिका नेमता येईल, शाळेची गळकी इमारत दुरुस्त करता येईल. क्षयरोग आणि घरांची टंचाई यांनी ग्रासलेल्या नुनावुतमध्ये हा युक्तिवाद हलका नाही. शिवाय दोन गरजू समाज एकमेकांना जोडले म्हणजे आपोआप समृद्धी येते, असेही नाही. दोघांकडे विकावयास आहेत ते बव्हंशी मासेच. सारखाच माल विकणाऱ्या दोन दुकानांमध्ये उलाढाल कितीशी होणार?

तथापि हा आक्षेप अर्धाच हिशेब मांडतो. एखाद्या मार्गावरचा तोटा वहीत दिसतो. मार्ग नसल्यामुळे होणारा तोटा कोणाच्याच वहीत दिसत नाही. वळशाच्या प्रवासाची तिकिटे, वाटेतील मुक्काम, बुडालेले दिवस हा खर्च शिक्षक, रुग्णसेवक, कलावंत, शिकाऱ्यांच्या संघटना असे हजार खिसे सोसतात किंवा जाणेच रद्द करतात. इनुइट परिध्रुवीय परिषदेची स्थापना १९७७ साली अलास्कात झाली. तिची अधिवेशने १९८० साली नूकला आणि १९८३ साली आजच्या इकालुइतला भरली. चार देशांत विभागलेल्या सुमारे १,८०,००० लोकांनी आपण एक समाज आहोत असे जगाला सांगितले. पण समाज केवळ अधिवेशनांनी टिकत नाही. लग्नकार्ये, मर्तिके, मुलांच्या सहली, शिक्षकांची देवाणघेवाण, बाजारहाट यांनी तो टिकतो. आणि या साऱ्यांना नित्य, परवडणारे व बेभरवशाचे नसलेले वाहन लागते.

या संदर्भात नूकच्या नव्या धावपट्टीकडे दोन्ही दृष्टींनी पाहता येते. २०२५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या शेजारच्या नेवार्कहून नूकला थेट हंगामी सेवा सुरू झाली. सुमारे ३,००० किलोमीटरांचा प्रवास चार तासांवर आला. ग्रीनलंडची दारे पश्चिमेकडेही उघडली, ही गोष्ट लहान नाही. पण लांब धावपट्टीवर मोठी विमाने येतात आणि मोठी विमाने मोठ्या शहरांकडून येतात. न्यूयॉर्कचा प्रवासी चार तासांत नूकला उतरणार आणि समोरच्या तीरावरचा इनुइट हंगाम संपल्यावर दोन दिवसांचा वळसा घेणार, असे झाले तर नव्या काँक्रीटने जुनीच दरी रुंद केली असे म्हणावे लागेल. धावपट्टीची लांबी वाढवणे हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. तिच्यावर कोणाचे विमान उतरावे, हा धोरणाचा.

उपाय फार दिव्य नाहीत. दोन्ही बाजूंनी मिळून एकच निविदा काढावी, तोटा ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावा आणि करार एका उन्हाळ्याचा न करता निदान पाच-सात वर्षांचा करावा. कारण मागणी तयार होण्यास वेळ लागतो. या वर्षी असलेले विमान पुढल्या वर्षी असेल की नाही याची खात्री नसेल, तर कोणतीही शाळा विद्यार्थी पाठवण्याचा करार करणार नाही, कोणताही व्यापारी गिऱ्हाईक जोडणार नाही, कोणतेही रुग्णालय रुग्णांची व्यवस्था लावणार नाही. विमानसेवेत नियमितपणा हाच खरा वेग. सात दिवसांनी का होईना, पण नक्की येणारे विमान लोकांना आयुष्याची आखणी करू देते. येईल-न येईल असे विमान केवळ बातमी देते.

वाहतुकीची प्रगती मोजताना सरकारे सहसा धावपट्ट्या, विमाने आणि प्रवासी यांची संख्या सांगतात. याहून साधे एक माप वापरून पाहण्यासारखे आहे. एखाद्या दूरच्या गावातील माणसाला राजधानीस जाण्यास किती वेळ लागतो, हे तर मोजावेच. पण त्याला आपल्यासारख्याच दुसऱ्या दूरच्या गावी, आपल्या माणसांकडे जाण्यास किती वेळ लागतो, हेही मोजावे. पहिला आकडा राज्यकर्त्यांची पोहोच किती आहे ते सांगतो. दुसरा आकडा प्रजेच्या हाती किती स्वातंत्र्य आहे ते सांगतो. इकालुइत आणि नूक यांच्या बाबतीत पहिला आकडा महायुद्धापासून सतत सुधारत आला आहे. दुसरा मात्र अजून एकेका उन्हाळ्याच्या वेळापत्रकावर लटकलेला आहे.